ओहोटीच्या वेळेने बघायचं अंदमान

कोकणातल्या कोळी-गाबितांच्या घरी भरतीची वेळ पंचांगावरून काढतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो. अष्टमीला आठ पाऊण सहा. म्हणजे सकाळी आणि संध्याकाळी ६ च्या सुमाराला समुद्र भरलेला आणि दुपारी १२ ला पुरता ओसरलेला. पौर्णिमा-अमावस्येला पंधरा पाऊण सव्वाअकरा. हिशेब मिनिटाला मिनिट जुळत नाही, पण डोल जाळं लावायला किंवा होडी खाडीबाहेर काढायला पुरतो. चंद्र पृथ्वीभोवती पुढे सरकत असल्यामुळे रोज साधारण ५० मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, तशी भरतीही रोज तेवढीच लांबते. पाउणकी पाठ असलेल्या पिढीने हे सोप्या गुणाकारात बसवून ठेवलं.

अंदमानला जाणाऱ्या कुणीही सल्ला विचारला की मी आधी या हिशेबाची आठवण करून देते. तिथे पाऊणपट जशीच्या तशी लागू पडत नाही. प्रत्येक किनाऱ्याची भरतीची वेळ तिथल्या समुद्राच्या खोलीवर आणि किनाऱ्याच्या आकारावर ठरते आणि आपलं सूत्र कोकणाच्या किनाऱ्यावर बसवलेलं आहे. पण रोज पाऊण तास-पन्नास मिनिटं पुढे, हे सगळीकडे खरं. बेटावर उतरल्या दिवशी ओहोटी कितीला लागते हे एकदा विचारून घेतलं की मुक्कामातल्या पुढच्या सगळ्या ओहोट्या बसल्या जागी काढता येतात. सर्व्हे ऑफ इंडिया दरवर्षी भारतातल्या प्रमुख बंदरांचे भरती-ओहोटीचे तक्ते छापतं, त्यात पोर्ट ब्लेअरही असतं. बेटांवरच्या जेट्टीवर, डायव्हिंगच्या दुकानात हे आकडे फळ्यावर लिहिलेले दिसतात.

एवढा आग्रह कशासाठी? आपल्याकडून जाणाऱ्या सहलींचं वेळापत्रक बोटींच्या फेऱ्यांवर आणि हॉटेलच्या जेवणावर आखलेलं असतं. सेल्युलर जेल, रॉस, हॅवलॉक, नील, एखादी काचेच्या तळाची होडी आणि परत. समुद्र त्यात कुठल्याही वेळी बघितला तरी चालतो, असं धरलेलं असतं. सुट्टी नुसती विश्रांतीची असेल तर ते ठीक आहे. पण मुलांना घेऊन काही शिकायला म्हणून अंदमानला जायचं असेल, तर तिथली सर्वांत मोठी शाळा दिवसातून दोनदा, काही तासांसाठीच उघडते. ती वेळ चुकली की निळं पाणी, पांढरी वाळू आणि फोटो, एवढंच हाती लागतं.

अंदमानची बेटं म्हणजे म्यानमारमधल्या आराकान योमा या डोंगररांगेचा समुद्रात शिरलेला भाग. चेन्नईपासून सुमारे १२०० किलोमीटर पूर्वेला, जवळपास ९३ अंश रेखांशावर ती उत्तर-दक्षिण पसरली आहेत. घड्याळ मात्र भारताचंच. त्यामुळे सूर्य मुंबईपेक्षा साधारण ८० मिनिटं आधी उगवतो. डिसेंबरात तर संध्याकाळी ५ नंतर थोड्याच वेळात अंधार पडतो. सकाळी ९ ला न्याहारी करून निघणाऱ्याचा दिवस तिथे बराच सरलेला असतो.

ओहोटीचा पहिला धडा घ्यायला नील बेटासारखी जागा नाही. २०१८ च्या डिसेंबरात त्याचं नाव शहीद द्वीप झालं, हॅवलॉकचं स्वराज द्वीप आणि रॉसचं नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. स्थानिक लोक बोलताना अजून जुनीच नावं घेतात, म्हणून इथेही तीच ठेवते. नीलवर फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या निर्वासितांना वसवलं गेलं. त्यांच्या भात-भाजीपाल्याच्या शेतीवर आजही आसपासची बेटं जेवतात. वाड्यांची नावं रामायणातली आहेत, लक्ष्मणपूर, भरतपूर, सीतापूर. लक्ष्मणपूरच्या दुसऱ्या किनाऱ्यावर समुद्राने चुनखडकात कोरलेली एक मोठी कमान आहे. बंगाली वसाहतकऱ्यांनी तिला हावडा ब्रिज म्हणायला सुरुवात केली. भरतीला तिच्या पायाशी लाटा असतात. ओहोटीला तिथपर्यंत खडकाळ सपाटीवरून चालत जाता येतं, आणि खरं बघण्यासारखं त्या सपाटीवर असतं. कमान त्यामानाने दुय्यम.

जुने, तळवा जाड असलेले बूट घालायचे आणि स्थानिक वाटाड्या बरोबर घ्यायचा. तो आधी पाय कुठे ठेवायचा ते दाखवतो, मग बोटाने पाण्यात खूण करतो. पहिली काही मिनिटं काहीच दिसत नाही. करडा खडक, शेवाळ, गुडघ्याएवढी डबकी. मग नजर बसते. खडकाच्या फटीत निळ्या-जांभळ्या, मखमली कडांचा एक वळणदार ओठ दिसतो. तो महाशिंपला. त्याच्या अंगावर आपली सावली पडली की ओठ झटकन आत ओढला जातो. त्या शिंपल्याला प्रतिमा उमटवणारे आपल्यासारखे डोळे नाहीत, पण कडेवर प्रकाश ओळखणारे बारीक ठिपके असतात. सावली म्हणजे शत्रू, एवढं त्यांना कळतं. पलीकडच्या डबक्यात समुद्रफुलाच्या भुजांमध्ये नारिंगी-पांढऱ्या पट्ट्यांचे मासे आत-बाहेर करत असतात. त्या भुजांना डंख आहे. या माशांच्या अंगावरच्या बुळबुळीत थरामुळे तो त्यांना लागत नाही, आणि बाकीचे मासे डंखाला घाबरून लांब राहतात.

वाळूत काळी, वीतभर लांबीची समुद्रकाकडी पडलेली असते. हा प्राणी आहे हे मुलांना पटायला वेळ लागतो. ती एका टोकाने वाळू गिळते, तिच्यातले कुजके कण पचवते आणि दुसऱ्या टोकाने स्वच्छ वाळू बाहेर टाकते. तिच्या मागे वाळूच्या वेटोळ्यांची ओळ दिसली की समजायचं, सफाईचं काम चालू आहे. आपल्या कायद्याने ती २००१ पासून पूर्ण संरक्षित आहे, कारण परदेशी बाजारासाठी तिची अफाट पकड होत होती. बघायचं, हात लावायचा नाही.

आणि मग प्रवाळ. आपण ज्याला खडक समजून चालत असतो तो बऱ्याच ठिकाणी प्रवाळांनी बांधलेला असतो. प्रवाळ म्हणजे समुद्रफुलाच्याच नात्यातले इवले प्राणी. पाण्यातला चुना घेऊन प्रत्येक जण स्वतःभोवती वाटी बांधतो आणि पिढ्यांमागून पिढ्या वाटीवर वाटी चढत जाते. त्यांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहतं. शैवाल सूर्यप्रकाशावर अन्न तयार करतं आणि त्यातला मोठा वाटा प्रवाळाला देतं. प्रवाळ त्याला निवारा आणि खत देतो. प्रवाळांच्या तपकिरी, हिरवट छटा बऱ्याचशा या शैवालाच्याच. पाणी नेहमीपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त तापलं आणि आठवडेच्या आठवडे तसंच राहिलं, की ही भागीदारी मोडते. प्रवाळ शैवाल बाहेर टाकतो आणि त्याच्या पारदर्शक शरीरातून पांढरा सांगाडा दिसू लागतो. अंदमानात १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असं मोठ्या प्रमाणावर घडलं. २०१० चा फटका फार जबर होता. पांढरा पडलेला प्रवाळ लगेच मरत नाही, पाणी वेळेत निवलं तर शैवाल परत येतं. म्हणून पाण्याखाली पांढरीशुभ्र, देखणी फांदी दिसली तर तो आजारी प्राणी आहे हे मुलांना तिथेच, त्या क्षणी सांगायला हवं.

पोहता येत असेल तर डोळ्यांवर मास्क लावून भरतपूरच्या किंवा हॅवलॉकच्या एलिफंट बीचच्या उथळ पाण्यात तोंड घाला आणि नुसतं ऐका. कडकड, कुरकुर असा आवाज सतत येत राहतो. त्यातला काही पोपटमाशांचा असतो. चोचीसारख्या दातांनी ते मेलेल्या प्रवाळावरचं शैवाल खरवडतात, त्याबरोबर चुनाही खातात, घशातल्या दातांनी तो दळतात आणि पुढे वाळू करून टाकून देतात. मोठा पोपटमासा वर्षाला शेकडो किलो वाळू अशी बनवू शकतो. कोकणात बऱ्याच किनाऱ्यांवर वाळू करडी-काळपट असते, कारण तिच्यात सह्याद्रीच्या बेसाल्टची झीज आहे. नीलच्या पांढऱ्या वाळूत प्रवाळ, शिंपले आणि चुना साठवणाऱ्या शैवालांचा चुरा आहे. बोटांत चिमूटभर घेऊन भिंगाखाली धरली की तिच्यात पन्हाळीसारखे तुकडे, नळ्या, चकत्या दिसतात. मालवणच्या समुद्रातही प्रवाळ आहेत आणि सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यापासून खूप आत, कान्होजी आंग्र्यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंग्रिया बँकेवर तर उत्तम आहेत. पण ते पायी चालत जाऊन बघता येत नाहीत. ती सोय अंदमानची.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सगळं लिहिते आहे तिच्याकडे येते. ओहोटीच्या सपाटीवर काही ठिकाणी पाटासारखे सपाट, गोल प्रवाळ दिसतात. कडेने जिवंत, वरून मेलेले. साधा गोल प्रवाळ चेंडूसारखा सगळीकडे वाढतो. पण वाढता वाढता त्याचा माथा ओहोटीच्या पाण्याच्या पातळीला पोचला की खोल ओहोटीला काही काळ तो उघडा पडतो, उन्हात भाजतो आणि मरतो. वर वाढायला जागा उरत नाही, मग तो आडवा पसरत जातो. यांना मायक्रोॲटॉल म्हणतात. त्यांचा सपाट माथा म्हणजे समुद्राने स्वतः आखून ठेवलेली ओहोटीची रेघ. या बेटांच्या किनाऱ्यावरचं बहुतेक निसर्गजीवन त्या रेघेवर आणि तिच्या वरच्या भरतीच्या रेघेवर बेतलेलं आहे. प्रवाळ ओहोटीच्या रेघेच्या वर जगत नाही. कांदळवन एका ठरावीक उंचीच्या खाली उतरत नाही. दोन्ही रेघांमधलं अंतर पोर्ट ब्लेअरला उधाणाच्या दिवसांत दोन मीटरच्या आसपास असतं. मुंबईत ते याच्या दुपटीपर्यंत जातं. एवढ्याशा पट्ट्यात सगळा पसारा.

२६ डिसेंबर २००४ च्या सकाळी ६ वाजून २८ मिनिटांनी ही रेघ हलली. सुमात्राच्या किनाऱ्याजवळ समुद्राखाली जमीन फाटायला सुरुवात झाली आणि काही मिनिटांत ती भेग उत्तरेकडे धावत अंदमानच्या टोकापर्यंत, सुमारे १२०० ते १३०० किलोमीटर पोचली. भारतीय भूपट्ट इथे पूर्वेकडच्या पट्टाखाली सरकतो. शतकानुशतकं साठलेला ताण एकदम सुटला. मागोमाग त्सुनामी आली, ती सगळ्यांना माहीत आहे. निकोबारात तिने हजारो माणसं नेली. तो दिवस मार्गशीर्ष पौर्णिमेचा, म्हणजे उधाणाचा होता. पण लाटेच्याही आधी जमीन हलून नव्या जागी बसली होती. उत्तर अंदमानचा आणि पश्चिमेकडच्या काही बेटांचा किनारा काही ठिकाणी एक मीटरहून जास्त वर आला. पोर्ट ब्लेअरचा परिसर सुमारे एक मीटर खाली गेला. ग्रेट निकोबारमध्ये भारताचं दक्षिण टोक असलेला इंदिरा पॉइंट सव्वाचार मीटर खचला आणि जमिनीवर उभं असलेलं तिथलं दीपगृह समुद्रात गेलं.

जिथे जमीन वर आली तिथे मैलोगणती प्रवाळ पाण्याबाहेर उघडे पडले आणि मेले. नेमकी किती जमीन उचलली गेली हे मोजायला शास्त्रज्ञांनी उपग्रहचित्रांच्या जोडीला याच सपाट प्रवाळांचा उपयोग केला. जुना माथा पाण्याच्या किती वर आला हे पट्टीने मोजायचं, की उत्तर मिळतं. भूकंपमापक यंत्र नसलेल्या किनाऱ्यावर प्रवाळांनी नोंद ठेवली होती.

खचलेली बाजू बघायला बोटीचीही गरज नाही. पोर्ट ब्लेअरहून वांडूरकडे जाताना रस्त्यात सिप्पीघाट लागतो. २००४ पर्यंत इथे भातशेती होती. जमीन मीटरभर खाली बसल्यावर रोजच्या भरतीचं खारं पाणी शेतात शिरलं आणि परत गेलंच नाही. आता तिथे खाऱ्या पाण्याची विस्तीर्ण दलदल आहे, काही ठिकाणी जुन्या झाडांचे वाळलेले बुंधे पाण्यात उभे दिसतात. शेतकऱ्यांची शेती गेली, त्यांचं नुकसान भरून आलं नाही. पक्ष्यांनी मात्र ती जागा घेतली. बगळे, लांब वाकड्या चोचीचे कुरव, आणि जगात फक्त याच टापूत सापडणारी, डोळ्याभोवती पांढरं कडं असलेली अंदमानी बदकं तिथे दिसतात. बहुतेक गाड्या इथे थांबत नाहीत, थेट वांडूर गाठतात. मला ही बेटांवरची सर्वांत महत्त्वाची प्रेक्षणीय जागा वाटते. कुठलीही पाटी नाही, तिकीट नाही. अर्धा तास थांबून मुलांना विचारायचं, इथे समुद्र वर आला की जमीन खाली गेली? त्यावर वाद होऊ द्यायचा. किनाऱ्यावर उभं राहून हे दोन्ही सारखंच दिसतं, आणि फरक कसा ओळखायचा हा भूगोलातला मोठा प्रश्न आहे.

वांडूरला महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यान आहे. १९८३ मध्ये स्थापन झालेलं, १५ बेटांचं. इथून जॉली बॉय किंवा रेडस्किन बेटावर होडी नेते. दोन्ही एकाच वेळी उघडी ठेवत नाहीत, आलटून पालटून विश्रांती देतात. प्लास्टिकची पिशवी, वेष्टनं बरोबर नेऊ देत नाहीत. या नियमांवर कुरकुर करणारे पर्यटक मी पाहिले आहेत. माझ्या मते हे नियम देशातल्या प्रत्येक किनाऱ्याने उचलावेत. वांडूरच्याच परिसरात ‘ॲनेट’ हे पर्यावरण संशोधनाचं केंद्र आहे. मद्रास क्रोकोडाइल बँकेच्या लोकांनी ते सुरू केलं. विद्यार्थ्यांच्या गटांना तिथे राहून शिकता येतं. महाविद्यालयातल्या शिक्षकांनी सहल आखताना आधी तिथे चौकशी करावी. आणि वांडूरच्या किनाऱ्यावर मगरींबद्दल इशाऱ्याचे फलक आहेत, ते खरे आहेत. खाऱ्या पाण्यातली मगर खाडीतही असते आणि समुद्रातही पोहते.

कांदळवनाचा धडा कुठे घ्यायचा यावर माझं ठाम मत आहे. सहलवाले बाराटांगला नेतात. तिथली खाडी, चुनखडीच्या गुहा, चिखल उसळणारे छोटे ज्वालामुखी, सगळं सुंदर आहे. पण तिथे नेणारा रस्ता जारवा या आदिवासी जमातीच्या राखीव जंगलातून जातो. गाड्यांचे ताफे ठरलेल्या वेळी सोडतात, थांबायला आणि फोटो काढायला बंदी आहे. १९५६ पासून बेटांवरच्या अशा जमातींच्या संरक्षणाचा कायदा आहे. तरीही त्या गाडीत बसलेल्या माणसांचे डोळे गुहांसाठी नाही, झाडीत कुणी दिसतंय का यासाठी खिडकीला लागलेले असतात. मुलांना घेऊन तो प्रवास मी करणार नाही. हजारो वर्षं या बेटांवर राहिलेल्या, मोजक्या शेकड्यांत उरलेल्या माणसांना त्यांच्याच जंगलात बघण्याची वस्तू करणं चूक आहे.

त्याऐवजी हॅवलॉकहून सरकारी बोटीने रंगत गाठता येतं. रंगतजवळ धनीनाला इथे कांदळवनातून लाकडी पायवाट बांधली आहे आणि ती थेट समुद्रकिनाऱ्यावर निघते. ओहोटीला तिथे सावकाश चाला. कांदळाची कमानी मुळं चिखलावर उंच उभी असतात. तिवराची मुळं पेन्सिलींसारखी चिखलातून वर आलेली असतात. खाली हवाच नसल्यामुळे झाड त्यांतून श्वास घेतं. कांदळाचं बी झाडावरच रुजतं. फळातून हिरवी, हातभर लांब शेंगेसारखी काडी लोंबत असते, ती खरं तर रोप असते. ओहोटीला पडली तर चिखलात उभी रुतते, भरतीला पडली तर तरंगत दुसऱ्या किनाऱ्याला जाते. चिखलात डोळे वर काढून उड्या मारणारे मासे दिसले की कोकणातला माणूस लगेच निवट्या म्हणून ओळखतो. धनीनालाच्या किनाऱ्यावर हिवाळ्यात समुद्री कासवं अंडी घालतात आणि वनखातं ती सुरक्षित जागी हलवून उबवतं. २००४ च्या भूकंपाने कांदळवनांचंही दोन्ही बाजूंनी नुकसान केलं. उत्तरेत ती कोरडी पडून मेली, दक्षिणेत बुडून. आणि बुडालेल्या भातखाचरांत आता नवी रोपं उभी राहताहेत.

अमावस्येला प्रवासाला निघू नये असं आपल्याकडे म्हणतात, म्हणून त्या दिवसांत बरेच मराठी लोक तिकीट काढत नाहीत. शिकायला जाणाऱ्याने नेमके तेच दिवस पकडावेत. अमावस्येच्या आणि तिच्यानंतरच्या दोन-तीन दिवसांत उधाण असल्यामुळे ओहोटी सर्वांत खोल जाते आणि सपाटी सर्वांत लांबपर्यंत उघडी पडते. शिवाय रात्र काळी मिळते. हॅवलॉकच्या कांदळवनात रात्री छोट्या वल्हवायच्या कयाकमधून नेतात. वल्हं पाण्यात घातलं की निळसर प्रकाश उसळतो. पाण्यात तरंगणारे एकपेशीय जीव धक्का लागताच शरीरातल्या रसायनाने उजेड पाडतात. त्यांना खाणारा प्राणी जवळ आला तर उजेडामुळे त्याचीच जागा त्याच्या शत्रूला कळते, असं त्यामागचं एक स्पष्टीकरण आहे. चांदणं असेल तर यातलं फारसं दिसत नाही. उलट प्रवाळांवर पोहायचं असेल तर अष्टमीच्या आसपासचे भांगाचे दिवस बरे. प्रवाह मंद असतो, पाणी कमी गढूळ होतं. सात-आठ दिवसांचा मुक्काम असेल तर अमावस्येला सुरुवात करून अष्टमीला संपवावा, दोन्ही साधतं.

भरतीच्या वेळा जमिनीवर घालवायच्या, आणि तिथेही बघायला पुष्कळ आहे. पोर्ट ब्लेअरला २०२४ मध्ये श्री विजयपुरम हे नाव मिळालं. तिथल्या घराच्या भिंतीवर, केळीच्या पानावर एक पोपटी रंगाची, अंगावर लाल ठिपके असलेली पाल दिसते. ती रात्री नाही, दिवसा फिरते, किड्यांबरोबर फुलांतला मधही चाटते. तिच्या प्रजातीतल्या बाकीच्या जाती मादागास्कर, मॉरिशस, सेशेल्स आणि हिंदी महासागराच्या त्या पश्चिम टोकाला. मधला हजारो किलोमीटरचा समुद्र सोडून एकटी ती इथे. मोठे सस्तन प्राणी मात्र अंदमानात आपोआप पोचले नाहीत. ब्रिटिशांनी शिकारीसाठी चितळ आणून सोडले. त्यांना खाणारं इथे कुणी नव्हतं. ते पोहत एका बेटावरून दुसऱ्यावर गेले आणि आज अनेक जंगलांत कोवळी रोपं उरू देत नाहीत. रॉसवर माणसाळलेले चितळ हातातून खाऊ खातात, लोक खूश होतात. तिथल्या ब्रिटिश काळच्या चर्चच्या, बेकरीच्या भिंतींना वड-पिंपळाच्या कुळातल्या झाडांच्या मुळांनी पकडून ठेवलं आहे. त्या मुळांच्या जाळ्यासाठी रॉसला जरूर जावं, चितळांना मात्र काही घालू नये.

नारळाचंही तसंच. निकोबारात नारळ पूर्वापार आहे. अंदमानच्या किनाऱ्यांवर मात्र ब्रिटिश वसाहतीआधी तो जवळपास नव्हता, नंतर मुद्दाम लावला गेला. सावरकरांचं ‘माझी जन्मठेप’ वाचलेल्या वाचकाला कोलू आणि काथ्याकूट समजावून सांगायला नको. १८९६ ते १९०६ या काळात बांधलेल्या सेल्युलर जेलच्या जवळपास ७०० कोठड्यांतल्या कैद्यांकडून नारळाच्या सोडणाचा काथ्या कुटून घ्यायचे, खोबऱ्याचं तेल गाळून घ्यायचे. सावरकर १९११ मध्ये इथे आले. सात बाहूंपैकी आता तीन उरले आहेत. आपल्या बहुतेक सहली तुरुंगापासून सुरू होतात, ते योग्यच आहे. गच्चीवर गेल्यावर समोर रॉस आणि अथांग पाणी दिसतं, तेव्हा ही जागा तुरुंगासाठी का निवडली ते कळतं. नौदलाचं समुद्रिका संग्रहालय आणि मानवशास्त्र सर्वेक्षणाचं संग्रहालय, दोन्ही दुपारच्या भरतीच्या वेळेत उरकता येतात. पहिल्याच दिवशी समुद्रिका बघितलं तर नीलच्या डबक्यांत काय शोधायचं हे ठाऊक असतं.

परत येताना पिशवीत काहीही आणायचं नाही. सगळे प्रवाळ, मेलेलेसुद्धा, वन्यजीव कायद्याखाली संरक्षित आहेत, आणि अनेक शंख-शिंपलेही. विमानतळावर सामान तपासताना ते काढून घेतात, गुन्हाही नोंदवू शकतात. किनाऱ्यावर पडलेल्या रिकाम्या शंखावर तसाही कुणाचा तरी दावा असतो. शंखवासी खेकड्याचं पोट मऊ असतं, ते झाकायला तो रिकाम्या शंखात राहतो आणि अंग वाढलं की मोठा शंख शोधत फिरतो. संध्याकाळी नीलच्या वाळूवर बसून राहिलं तर भरतीच्या रेघेच्या जरा वर ही अदलाबदल बघायला मिळते. खेकडा नवा शंख नांगीने आतून चाचपतो, फिरवून बघतो, मग क्षणात जुन्यातून नव्यात. कधी कधी लहानमोठे बरेच खेकडे एका रांगेत थांबतात. सर्वांत मोठ्याने घर बदललं की त्याचं रिकामं झालेलं पुढचा घेतो, त्याचं त्याच्या पुढचा.